माझ्या ढोंगाची चाचणी

हे वाचून तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी लिहिलेलं नाही. घरात तेरा ते एकोणीस वर्षांचं कोणी असेल आणि 'हल्ली वेगळंच वागतंय' असं तुम्ही फोनवर बहिणीला सांगत असाल, तर तुम्हाला वाईट वाटलं पाहिजे, आणि वाईट वाटून झाल्यावर उठून काहीतरी केलं पाहिजे. नुसतं वाईट वाटून घेणारी माणसं मला त्या काळात पुष्कळ भेटली. त्यांचा मला काडीचा उपयोग झाला नाही.

मी समता. आता तेवीस वर्षांची आहे, वसई पूर्वेला गोखिवऱ्याच्या बाजूला आईबाबांबरोबर राहते. सोळाव्या वर्षी मला डिप्रेशन झालं. कावीळ झाली म्हणतात तसं मी 'झालं' म्हणते. 'डिप्रेशनमध्ये गेली होती' असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. मी कुठेही गेले नव्हते. एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, पलंगावर होते.

पत्रकांचं घर

बाबा वालीवच्या एका कंपनीत फिटर आहे. पण ती त्याची नोकरी झाली. त्याची ओळख म्हणजे मंडळ. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या आठ-दहा माणसांचं हे मंडळ दर रविवारी पूर्वेकडच्या गावांत जायचं. आई चांदीपची. तिथल्याच एका सभेत बाबाने तिला पाहिलं, तिने त्याला ऐकलं आणि लग्न झालं, हार घालून, भटजीशिवाय. घरात अहो-जाहो नाही. बाबालाही मी अरेच म्हणते, समता नाव ठेवलंय म्हटल्यावर तेवढं आलंच.

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. पापडीला पास्कूकाकांचा छापखाना आहे, तिथे मंडळाची पत्रकं छापली जायची आणि दहाव्या वर्षापासून त्यांची प्रुफं मी तपासायचे. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक सुटू द्यायचे नाही. घरीही हेच. आई 'पानी' म्हणायची, मी तिला 'पाणी' म्हणायला लावायचे. बाबा कौतुकाने हसायचा. आई ग्लास ठेवून आत जायची.

आमच्या घरातली सगळ्यात मोठी शिवी होती 'ढोंग'.

एखाद्या बाईच्या अंगात येतं असं कळलं की मंडळ तिच्या घरी पोचायचं. बाबाची पद्धत ठरलेली होती. वाद घालायचा नाही. थोडा वेळ बसायचं, मग 'चला, निघतो आम्ही' असं मोठ्याने म्हणायचं, चपला वाजवायच्या, आणि एकाने दाराआड थांबायचं. माणसं गेली असं वाटलं की घुमणं थांबायचं. बाई पाणी प्यायची, पदर सारखा करायची. मग दाराआडचा माणूस पुढे व्हायचा. मी हे लहानपणी पाहिलंय आणि टाळ्या वाजवल्यात. ती बाई का घुमत होती, तिच्या घरात तिच्यावर काय चाललं होतं, आम्ही गेल्यावर तिचं काय झालं, हे आमच्यातल्या एकानेही विचारलं नाही. ढोंग पकडून झालं की आम्ही वडापाव खाऊन घरी यायचो.

आधी राग आला

डिप्रेशन म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर खिडकीशी बसून रडणारी मुलगी येते. मी रडत नव्हते. मी भांडत होते.

अकरावी सायन्सचं पहिलं सत्र. पोहे थंड झाले म्हणून आईशी भांडले. टँकर उशिरा आला म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरीला जिन्यात गाठून झापलं. कॉलेजात एक वक्ता आला होता, आरशात बघून रोज हसा, सगळं ठीक होईल, असलं काहीतरी सांगत होता. मी उभी राहिले आणि म्हणाले, सर, ज्यांच्या घरात आरसा आहे पण पाणी नाही त्यांनी काय करायचं. मला हॉलच्या बाहेर काढलं. कॉलेजातून घरी फोन आला, तर बाबाने माझ्यासाठी आइसक्रीम आणलं. मंडळाच्या बैठकीत अभिमानाने सांगितलं, पोरगी पेटलीय.

पेटले नव्हते मी. मला सगळ्याचा त्रास होत होता. प्रेशर कुकरचा, मैत्रिणींच्या हसण्याचा, माझ्याच ओढणीचा. पण पत्रकातली वाक्यं तोंडपाठ असल्यामुळे माझी चिडचिडसुद्धा तत्त्वाची वाटायची. दुसऱ्या घरात मला उद्धट म्हटलं असतं आणि निदान काहीतरी बिघडलंय एवढं तरी कुणाला कळलं असतं. आमच्या घरात आजाराला शाबासकी मिळाली.

बाकीच्या खुणाही होत्या, मोठ्या अक्षरांत. रोज सकाळी पोट दुखायचं. पहाटे जाग यायची ती यायचीच. डोक्यावरून पाणी घ्यायला आठ-आठ दिवस लावायचे. ग्रुप चिंचोटीच्या धबधब्याला गेला, दरवर्षी सगळ्यांना गोळा करणारी मी, त्या वर्षी मेसेजला उत्तरही दिलं नाही. भौतिकशास्त्राचं एक पान चारदा वाचायचे आणि पाचव्यांदा वरून सुरू करायचे. दहावीला ब्याण्णव टक्के पडलेली मुलगी सहामाहीला तीन विषयांत नापास झाली. सरांनी प्रगतिपुस्तकावर 'निष्काळजी' असा शेरा मारला. ज्याने हा शेरा मारला त्याला वर्गात बसलेली साठ पोरं वर्षभर दिसत होती. दिसत होती म्हणजे मोजता येत होती, एवढंच.

पोटासाठी दोन डॉक्टर झाले. पित्ताच्या गोळ्या झाल्या. शेवटी सोनोग्राफी केली, ती नॉर्मल आली. रिपोर्ट वाचताना बाबाच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला ओळखीचं होतं. मी ते गावागावांत पाहिलेलं होतं. पोरीला काही झालेलं नाही याचा तो आनंद नव्हता. त्याला पुरावा मिळाला होता.

सापडलीस

दिवाळीनंतर राग संपला. मागे काहीच उरलं नाही. मी कॉलेजला जायची बंद झाले. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. आई अंगणवाडीत सेविका आहे. ती जाताना डबा पलंगाशी ठेवायची, आल्यावर तो तसाच उचलायची.

खालच्या मजल्यावरच्या सावंतबाई वर आल्या. त्यांनी आईला हळूच सांगितलं की नजरेचा प्रकार दिसतो, विरारला एकजण उतरवून देतो. बाबाने ते आतून ऐकलं आणि सावंतबाईंना दारातच विज्ञानाचा तास दिला. त्या दिवशी तो खुशीत होता. त्याने घरात शिरू पाहणारा बुवा परतवला होता. पण बुवाकडे नेऊ नका म्हणणारा माणूस मला डॉक्टरकडेही नेत नव्हता. त्याला मी पत्रकातूनच शिकलेला एक प्रश्न विचारायला हवा होता: मग तुमचा पर्याय काय? तेव्हा माझ्यात तेवढा दम नव्हता.

पर्याय त्याने स्वतःच शोधला.

एका सकाळी आई गेल्यावर बाबा दारात उभा राहून मोठ्याने म्हणाला, निघतो गं मी. चपला वाजल्या. दार लागलं. मी तशीच पडून होते. अर्ध्या तासाने मोबाइल उघडला. त्यातल्या एका व्हिडिओत एक जाडं मांजर फ्रिजवरून उडी मारायला जातं आणि भांड्यांच्या टोपलीत पडतं. मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं. उशाशी शेवेचं पाकीट होतं, त्यातली मूठभर शेव तोंडात टाकली आणि मांजर परत पाहिलं.

बाबा खोलीच्या दारात उभा होता.

"सापडलीस," तो म्हणाला.

"काय?"

"हसत होतीस."

"मांजर पडलं."

"म्हणजे हसता येतं. खाताही येतं. मग कॉलेजला का नाही जाता येत?"

तो ओरडला नाही, हे मला अजून खुपतं. तो समाधानी होता. दाराआडून पुढे होताना जसा व्हायचा तसाच. आणि मी तोंडात शेव घेऊन त्या बायकांच्या जागी बसले होते.

त्या दिवसापासून मी हसले नाही. येईल ते हसू आवरलं. कुणासमोर खाल्लं नाही. बाबा घरात असताना कूससुद्धा जपून बदलायचे, म्हणजे हातपाय हलतात असा पुरावा नको. आजारी असण्याबरोबर आजारी दिसण्याचं कामही माझ्याच अंगावर पडलं.

तुमच्या मुलाला डिप्रेशन असेल तर ते दिवसभर रडणार नाही. वाढदिवसाला केक कापेल, फोटोत दात दाखवेल, क्रिकेटचा स्कोअर विचारेल. तो फोटो दाखवून 'हे बघ, किती मजेत होतास' असं म्हणणाऱ्या प्रत्येक बापाला माझं सांगणं आहे: तुम्ही पोरावर खटला चालवताय, आणि तेही त्याच्या मिनिटभराच्या सुटकेचाच साक्षीदार करून.

प्रूफ

डिसेंबरात बाबाला वाटलं, काम दिलं की उठेल. नव्या पत्रकाची प्रुफं तपासायला त्याने मला पापडीला पाठवलं. मी गेले, कारण नाही म्हणायला लागणारी ताकद जाण्याच्या ताकदीपेक्षा जास्त होती.

पास्कूकाका वसईतल्याच होळी गावचे. तिथे त्यांची वाडी आहे, अळू, केळी, थोडा मोगरा. दर रविवारी चर्चला जाणारा माणूस. पंधरा वर्षं बाबाची पत्रकं छापतात आणि पंधरा वर्षं त्याच्याशी देवावरून भांडतात. बाबा म्हणायचा, पास्कू, तुझा देव असेल तर त्याने तुझं मशीन तरी दुरुस्त करावं. काका म्हणायचे, म्हणून तर त्याने फिटर पाठवला ना. मग दोघं चहा घ्यायचे.

मी चार पानं तपासून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावला, एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं, मग परत पहिलं घेतलं.

"समता, हे तू वाचलंस?"

"हो."

"अख्खा परिच्छेद दोनदा आलाय."

मी म्हणाले, येऊ दे, तुमची पत्रकं कोण वाचतं, लोक त्यात भजी बांधतात. अंगावर जाण्यासाठीच बोलले होते मी. ते अंगावर आले नाहीत. उठून मशीन बंद केलं. छापखाना एकदम गप्प झाला. स्टूल ओढून ते माझ्यासमोर बसले, झोप लागते का विचारलं, जेवतेस का विचारलं. मी खांदे उडवले.

"एक विचारतो," ते म्हणाले. "मला राग येणार नाही, मी घाबरणार नाही. मरून जावंसं वाटतं का तुला?"

चार-पाच महिन्यांत मला कितीतरी प्रश्न विचारले गेले होते. मोबाइल किती वेळ बघतेस. कुणी मुलगा आहे का. तुला काय कमी आहे. हा एक प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि याचंच उत्तर माझ्याकडे तयार होतं.

"हो," मी म्हणाले.

"ठरवलंयस?"

"हो."

काय आणि कसं ते मी इथे लिहिणार नाही. तुम्हाला त्याची गरज नाही.

काकांनी मला आईबापाची आठवण करून दिली नाही. पाप म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. आता मी तुला एकटं सोडणार नाही. तुला माझा राग आला तरी चालेल." आणि त्यांनी कंपनीत बाबाला फोन लावला. तेवढं बोलणं मला अक्षर न् अक्षर आठवतं. "पंधरा वर्षं मी तुझं ऐकलं. आज तू ऐक. पोरीला डॉक्टरकडे न्यायचंय, आत्ता. तू पोचेपर्यंत ती माझ्याजवळ बसलीय. देव आहे की नाही ते नंतर बघू."

वाट पाहताना त्यांनी मला लॉरेन्सबद्दल सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ. सतरा वर्षांचा होता. घरात सगळे त्याला आळशी म्हणायचे, काकाही म्हणायचे. तो गेल्यावर नातेवाइकांनी रडणं कमी आणि कुजबूज जास्त केली, आईला चर्चमध्ये मिस्साला जायची लाज वाटायला लागली. त्यांना हे सांगताना त्रास होत होता आणि तरी ते सांगत होते. त्यांनी मला ओळखलं ते श्रद्धेमुळे नाही, आणि ते श्रद्धाळू असूनही ओळखलं असंही नाही. एकदा चुकल्यावर त्यांनी ती चूक लपवली नव्हती, म्हणून ओळखलं.

पालकांनो, विचारा. विचारल्याने पोराच्या डोक्यात नवीन काही शिरत नाही. जे असतं ते आधीच तिथे असतं, तुम्ही फक्त त्याला त्याच्याबरोबर एकटं ठेवत असता. शब्द फिरवू नका. 'काही वेडंवाकडं तर डोक्यात नाही ना' असं विचारलं की पोराला कळतं, तुम्हाला 'नाही' हेच ऐकायचंय. ते तुम्हाला 'नाही' देतं. आणि 'हो' मिळालं तर भाषण देऊ नका. जवळ बसा, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

त्वचारोगाचा बाक

इस्पितळात मानसोपचाराची खोली त्वचारोगाच्या खोलीला लागून होती. मानसोपचाराच्या दारासमोरचा बाक रिकामा आणि त्वचारोगाचा बाक भरलेला. नंतर कळलं, निम्मी माणसं आमचीच होती. ओळखीचं कुणी दिसलं तर खरूज झालीय म्हणता यावं म्हणून तिकडे बसायची. चावडीवर उभं राहून बुवांना आव्हान देणारा माझा बापही खरजेच्या बाकावर जाऊन बसला.

डॉक्टर चाळिशीच्या होत्या, सर्दीने नाक लाल झालेलं. आईबाबांना बाहेर पाठवून त्या आधी माझ्याशीच बोलल्या. मी काय खाते, कधी उठते, कुठल्या गोष्टीत पूर्वी मन लागायचं, आणि काकांनी विचारलेला प्रश्न, तसाच सरळ. मग त्यांनी दोघांना आत बोलावलं आणि नाव सांगितलं. आजार आहे, बरा होतो, उपचार आजपासून सुरू.

बाबाने विचारलं, कशावरून? रक्तात दिसतं का काही?

"रक्तात नाही दिसत," डॉक्टर म्हणाल्या. "माणसात दिसतं. तुम्ही बघितलंत का?"

"पण ती हसते. मी स्वतः पाहिलंय."

"तापाच्या माणसाला मधेच घाम येतो, अंग गार लागतं. म्हणून ताप खोटा असतो का?"

उत्तर नसलेला बाबा मी पहिल्यांदा पाहिला आणि खोटं कशाला बोलू, मला तेवढ्या अवस्थेतही बरं वाटलं. तेव्हा आई बोलली. खाली बघत बोलली.

"मला दिसत होतं. श्रावनापासून दिसत होतं. अंगनवाडीतलं एक पोर गप झालं तरी मला कळतं. पन मला काय समजतं, असं घरात आहे ना. म्हनून मी गप बसले."

मी लावलेला सगळा 'ण' तिच्या तोंडून गळून पडला होता. ज्या बाईला सगळ्यात आधी कळलं होतं तिला आम्ही दोघांनी मिळून, शुद्धलेखन आणि विज्ञान वापरून, गप्प केलं होतं. बाबावरचा माझा राग खरा आहे. पण या एका ठिकाणी त्याच्याबरोबर मीही उभी आहे.

गोळी आणि टायफॉइड

गोळी घेतली आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला असं होत नाही. पहिले दहा दिवस मळमळ, तोंडाला कोरड. फरक पडायला पाच-सहा आठवडे गेले. सुरुवातीचे आठवडे नीट लक्ष ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गोळ्या आईच्या कपाटात, कुलपात. घरातल्या आणखी काही वस्तू हलवल्या गेल्या. मला एकटं ठेवायचं नाही असं ठरलं. आईने रजा टाकली. ती माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर मेथी निवडत बसायची. का असं करतेस, हे तिने एकदाही विचारलं नाही. आज कसं आहे, एवढंच. मी 'कालच्यासारखं' म्हणाले की 'बरं' म्हणायची आणि मेथी निवडायची. दर आठवड्याला डॉक्टर, नंतर पंधरवड्याला, आणि त्यांच्याच खोलीत बसणाऱ्या एका ताईंशी तासभर बोलणं. तिथे मी आधी महिनाभर त्या ताईंशीही भांडले. त्या म्हणाल्या, चालेल, भांडायला येतेस म्हणजे येतेस तरी.

बरं वाटायला लागल्यावर सकाळी आई मला होळीला सोडायची. पास्कूकाका पाइप हातात द्यायचे आणि अळूचे वाफे दाखवायचे. बोलायचं बंधन नाही. एकदा मी चुकून सगळं पाणी एकाच वाफ्यात सोडलं, तर काका म्हणाले, या अळूचं आता लग्न लावून देऊ, एवढं न्हाऊ घातलंस. मी हसले. हसून झाल्यावर आजूबाजूला पाहिलं, कुणी बघितलं का. काकांनी ते पाहिलं आणि पाठ करून दुसऱ्या वाफ्याकडे गेले. मला कुणी दिलेल्या मोठ्या देणग्यांपैकी ती एक पाठ आहे.

आणि बाबा? बाबाने गोळ्या चुकू दिल्या नाहीत. दर वेळी ओपीडीला आला. पण फेब्रुवारीत मला कळलं की त्याने मंडळात सांगितलंय, समताला टायफॉइड झालाय.

मी त्याला विचारलं. तो म्हणाला, मंडळाला काय सांगू? मी म्हणाले, खरं. तो म्हणाला, लोक म्हणतील, यांच्या घरात असं, आणि हे गावाला शहाणपण शिकवतात.

माझ्या आजारपणात आमच्या घरात एकच ढोंग झालं. ते माझ्या बापाने केलं.

पुढच्या रविवारच्या बैठकीला मी गेले. विषय वेगळाच चालला होता. मी उभी राहिले आणि म्हणाले, मला टायफॉइड झाला नव्हता, मला डिप्रेशन झालंय, आणि माझी चाचणी तुम्ही गावात घेता त्याच पद्धतीने घेतली गेली. पुढचं बोलायला लागले तेव्हा आवाज फाटला म्हणून थांबले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाबा कागदावर रेघा मारत बसला. बैठक संपल्यावर एक सभासद, मिशीवाले, मला जिन्यापर्यंत सोडायला आले आणि हळूच विचारलं की त्यांचा मुलगा नववीत आहे, सारखा पोट दुखतं म्हणतो. हळूच विचारलं. जिन्यात. मी त्यांना मुद्दाम मोठ्याने उत्तर दिलं.

परत

वर्ष वाया गेलं म्हणतात लोक. मी वर्ष गाळून अकरावी पुन्हा केली, बारावी केली, पदवी झाली. गोळ्या डॉक्टरांनीच हळूहळू कमी करून बंद केल्या. त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं की हे परत येऊ शकतं, आलं तर वेळ घालवू नकोस.

बाविसाव्या वर्षी आलं. मी वेळ घालवला. तीन आठवडे लपवलं, कारण सगळ्यांनी मला बरी झालेली मुलगी करून टाकलं होतं आणि ती जागा सोडायची मला लाज वाटली. फोनमध्ये यादी मात्र करत होते: किती वाजता उठले, कुठलं जेवण टाळलं, किती दिवस केस धुतले नाहीत. कुणासाठी करत होते ते तुम्हाला कळलं असेल.

एका सकाळी बाबा बेसिनपाशी दाढी करत होता. मी दारात जाऊन उभी राहिले.

"बाबा, परत सुरू झालंय."

त्याने रेझर खाली ठेवला. मी फोन हातात धरूनच होते. तो वळला. एका गालावर फेस होता.

"मरावंसं," तो म्हणाला आणि अडकला. "मरावंसं वाटतंय का?"

"हो. थोडं."

"ठरवलंयस?"

"अजून नाही."

"चल," तो म्हणाला. टॉवेलने तोंड पुसलं, शर्ट घातला, आईला हाक मारली. रिक्षात मला दोघांच्या मध्ये बसवलं. नक्की काय होतंय ते सांग, म्हणाला, आणि मी सांगत होते तोवर मधे बोलला नाही. असं तो आयुष्यात कधी करत नाही. इस्पितळात आमचा नंबर यायला दोन तास लागले. एक गाल गुळगुळीत, एकावर खुरटी दाढी, असा तो दोन तास माणसांत बसला होता. लोक बघत होते. फोनमधली यादी मला उघडावी लागली नाही.

आता गोळी चालू आहे. मी नोकरी करते, चिडते, हसते. बाबाने आजवर माफी मागितलेली नाही. तो एक पत्रक काढू म्हणाला होता या विषयावर, मी त्याला सांगितलं, ते मी लिहीन, तू छापून आण. पास्कूकाका मला विचारतात, बापाला माफ केलंस का गं. नाही केलं. पण त्या सकाळी त्याने विचारलं आणि मी खरं सांगितलं, म्हणून हे लिहायला मी आहे.